खडकाईची जाळी

गडहिंग्लजहून एसटीनं निघालं की आधी ऊस लागतो, मग काजू, आणि तांबड्या मातीचा घाट चढून गाडी जिथं तोंड फिरवून परत निघते ते काजळमाळ. पन्नास उंबऱ्यांचं गाव. वरच्या अंगाला गावदेवी खडकाईची राई, राईच्या तोंडाशी देऊळ, आणि देवळाला लागून डाव्या हाताला करवंदीची जाळी.

करवंदीच्या जाळ्या त्या डोंगराला काही कमी नाहीत. पण देवळाजवळच्या जाळीची गोष्ट वेगळी होती. रानातलं करवंद खाल्लं की ओठाला चीक चिकटतो, जीभ जड होते. या जाळीच्या करवंदाला चीक जवळजवळ नव्हताच. दाणा टपोरा, साल पातळ. दात गेलेले म्हातारेसुद्धा ते जिभेनं टाळूला दाबून खायचे. गाव तिला आईची जाळी म्हणायचं आणि तिचे नियम ठरलेले होते. हिरव्या फांदीला लोखंड लावायचं नाही. करवंद विकायचं नाही आणि एकट्यानं खायचं नाही. वैशाखात आईची म्हाई असते, त्या दिवशी सगळं गाव देवळापुढं एका पंगतीला जेवतं. म्हाईच्या आदल्या दिवशी जाळीवर पिकलेलं सगळं उतरवायचं आणि पळसाच्या पानांच्या द्रोणातून उंबऱ्या-उंबऱ्यावर पोचवायचं. पहिला द्रोण त्या वर्षी नवी सून आलेल्या घरी. दुसरा त्या वर्षी माणूस गेलेल्या घरी. मग बाकीचं गाव.

करवंदं उतरवण्याचा आणि वाटण्याचा मान बयाबाईचा. सासूकडून तिच्याकडे आलेला. नवरा गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूल नव्हतं. एक म्हैस, घरामागं चार गुंठे भाजीपाला आणि हा मान, एवढ्यावर तिनं चाळीस वर्षं काढली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. बारशाला ती आपणहून मागं उभी राहायची. पण म्हाईच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराची सून दारात वाट बघायची आणि तिच्या हातचा द्रोण कपाळाला लावून आत न्यायची. वर्षातला तो एक दिवस गावात तिच्यावाचून कुणाचं अडायचं.

चैत्रात देवळात बैठक बसली आणि तिथं ठरलं की जाळी जाणार.

ठरवणारा दुसरा कुणी नव्हता, तिच्या दिराचाच मुलगा होता. पृथ्वीराज. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता, गुरुवारी सुट्टीला घरी यायचा आणि त्या एका दिवसात गावाची आठवड्याची कामं उरकायचा. जीर्णोद्धार कमिटीचा अध्यक्ष तोच. दोन वर्षांपूर्वी म्हाईच्या पंगतीवर वळीव कोसळला होता आणि भाताच्या काहिलीत पाणी गेलं होतं. म्हणून देवळाच्या डाव्या हाताला स्लॅबचा हॉल बांधायचा होता. तसा आईचा कौलही घेतला होता. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि उजवी आधी पडली. उजवी म्हणजे होकार.

बैठक उठल्यावर बयाबाई पायरीवरच बसून राहिली. पृथ्वीराज चप्पल घालता घालता थांबला.

"काकी, तोंड का पाडून बसलीयास? कौल उजवा आलाय. आईनंच सांगितलंय म्हटल्यावर आमी कोन?"

"आईनं जागा दिली. जाळीचं इचारलंसा का?"

"जागेत जाळी आलीच की."

"कवा हाय काम?"

"दिवाळीनंतर जेसीबी आणतो. पावसाआधी आता कोन मोकळा न्हाय."

हॉल नको असं तिलाही म्हणता येत नव्हतं. त्या वळवात भिजलेला भात तिनंच गुरांना घातला होता. तिनं मनाशी एवढंच धरलं की दिवाळीच्या आत या जाळीची नवी जाळी लागली पाहिजे. दुसरी कुठली नको. हीच, बिनचिकाची.

वैशाखात तिनं नेहमीसारखे द्रोण वाटले. फक्त यंदा प्रत्येक दारात तिनं एक वाक्य जास्त सांगितलं, "बिया थुंकू नगासा. वाटीत ठेवा. उद्या येऊन नेते." दुसऱ्या दिवशी खरंच ती बांबूची बुट्टी घेऊन घरोघर फिरली. कुणी वाटीत ठेवल्या होत्या, कुणी कागदात, कुणी विसरलंच होतं. गुरवाची सून हसून लोळायची बाकी राहिली होती.

"काकी, आमचं थुंकल्यालं गोळा करत फिरालीयास व्हय?"

"थुंकल्यालंच उगवतंय बाई. गिळल्यालं तुजं तू बघ."

तीन ओंजळी बिया जमल्या. आता बी राखणं म्हणजे बयाबाईच्या हातचा मळ. पावटा, दोडका, घेवडा, गावठी भेंडी, कुठलंही बी तिच्याकडून न्यावं आणि डोळे मिटून पेरावं, असं गावच म्हणायचं. गडहिंग्लजच्या बाजारातले लोकही तिच्याकडचा दोडका मागून न्यायचे. तिनं या बियाही तशाच राखल्या. धुतल्या, सुपात पसरून आठ दिवस कडक उन्हात वाळवल्या, दातानं चावून कडकड आवाज येतो का बघितलं, राखेत चोळल्या, मडक्यात भरल्या आणि मडक्याला फडकं बांधून ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं. धूर लागला की बीला कीड लागत नाही.

मृग लागल्यावर तिनं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरलं आणि एकेका पिशवीत चार-चार बिया टोचल्या. पंधरवडा गेला. बाजूच्या वाफ्यात पावटा वर येऊन दोन पानांवर आला. पिशव्यांत काही नाही. महिना होत आला तेव्हा तिनं एका पिशवीतली माती बोटानं उकरली. बी सापडली. चिमटीत धरल्याबरोबर फुटली. आत काळं पाणी होतं. दुसरी पिशवी, तिसरी, दहावी. सगळीकडे तेच.

पहिल्यांदा तिला वाटलं, आईच नको म्हणतेय. मग वाटलं, आईला विचारायच्या आधी चन्नाप्पाला विचारावं.

चन्नाप्पाची रोपवाटिका गडहिंग्लजच्या अलीकडे, रस्त्याला लागून. उसाची रोपं, आंब्याची आणि काजूची कलमं. माणूस साठीचा. लिंगायताचा असल्यानं घरात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. गेली वीस वर्षं तो बयाबाईकडून दोडक्याचं बी न्यायचा. ती एसटीतून उतरली तेव्हा तो बोटाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून काजूला कलम बांधत बसला होता.

"या आक्का. आज बी घेऊन आलाय का आमच्याकडनं न्यायला आलाय?"

तिनं पदराच्या गाठीतून फुटलेल्या चार बिया काढून त्याच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"फळातनं कवा काढल्या?"

"वैशाखात."

"पेरल्या कवा?"

"मृगाला."

"मदी काय केलं?"

मध्ये काय केलं ते तिनं नीट सांगितलं. ऊन, राख, मडकं, धूर. सांगताना आवाजात थोडा ताठाही होता, कारण यातलं काही चुकलेलं नव्हतं. चन्नाप्पानं हातातलं कलम बाजूला ठेवलं.

"आक्का, ही बी पावट्याची न्हवं. तुमी मारलासा की तिला."

"मारली?"

"वाळली की मेली ती. पाखरू करवंद खातंय, खाली टाकतंय, ओल्याची ओली बी मातीत जातीय. तिला मडकं म्हाईत न्हाय आन् चूल बी म्हाईत न्हाय. फळ फोडलं त्याच दिवशी पेरायची हुती."

बयाबाईनं बिया परत पदराला बांधल्या. तिला राग आला नाही, लाज वाटली. एखाद्या नवख्यानं बिया वाळवायचा कंटाळा केला असता, परसात तशाच फेकून दिल्या असत्या, तर आज त्याच्या दारात शंभर रोपं असती. तिनं मन लावून राखल्या म्हणून गेल्या.

"आन् आणखी एक," चन्नाप्पा म्हणाला. "उगवल्या असत्या तरी चीक नसताच असं न्हाय. बीचं झाड कुणावर जाईल कोन सांगावं. जशीच्या तशी जाळी पायजे तर दाबाचं कलम करा. जमिनीजवळची फांदी वाकवायची, खालच्या अंगानं साल काढायची, तेवढा भाग मातीत पुरून वर दगड ठेवायचा. तीन महिन्यांत मुळं धरतीय. मग जुन्या जाळीकडच्या बाजूनं कापायची. झालं नवं झाड."

"कापायची कशानं?"

"कशानं म्हंजे? चाकूनं. साल बी चाकूनंच."

"त्या जाळीला लोखंड चालत न्हाय आण्णा."

चन्नाप्पानं तिच्याकडे बघितलं. "मग जेसीबी काय लाकडाचा हाय?"

"त्येंनी कौल घेतलाय."

"मग तुमी बी घ्या की."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ती देवळात गेली. गुरव वयानं तिच्याएवढाच, शांत माणूस. काय विचारायचं ते त्यानं विचारलं. ती म्हणाली, "कलमापुरतं जाळीला लोखंड लावू का, एवढंच."

पाकळ्या लावल्या. थोड्या वेळानं पाकळी पडली. डावी.

गुरवानं घसा खाकरला. "परत लावू का? ओल कमी-जास्त असली की सरकते कवा कवा."

"परत लावत्यात?"

गुरव जमिनीकडे बघत म्हणाला, "कमिटीला तिसऱ्या खेपेला उजवा आला."

बयाबाईला हे नवीन होतं. तिनं मूर्तीकडे बघितलं. मग म्हणाली, "नगो. मला दिलाय की. एकदा इचारलं, एकदा सांगितलं." बाहेर पडताना ती मागं वळली. "आन् हे तुमी मला सांगितलासा, ते दुसऱ्या कुणाला सांगू नगासा. तुमालाच लोक खातील."

लोखंड नाही म्हणाली म्हणजे लोखंड नाही. कलम नको असं आई म्हणाली नव्हती, आणि बयाबाईनंही तसं विचारलं नव्हतं. यात आपण आईला फसवतोय का, हा विचार तिला दोन दिवस सोडत नव्हता. शेवटी तिनं तो असा मिटवला, की फसवणारा माणूस सोपी वाट शोधतो. आपण तर अवघडच धरतोय.

फुटक्या रांजणाची एक खापरी तिनं दगडावर घासून धारदार केली. जाळीच्या खालच्या अंगाला रांगत गेली. करवंदीचा काटा दोन तोंडांचा असतो, एकातून सुटलं की दुसरा धरतो. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. तीन फांद्या तिनं निवडल्या, खापरीनं खालची साल खरवडली, फळात नसलेला पांढरा चीक फांदीतून गळला तो पदरानं पुसला, फांद्या वाकवून मातीत पुरल्या आणि वर दगड ठेवले. दोन फांद्या पेन्सिलीएवढ्या होत्या. तिसरी अंगठ्याएवढी जाड. तिसरी तिनं हावरेपणानं घेतली, कारण जाडीची फांदी लवकर फळते असं तिला वाटलं.

त्यानंतरचा आषाढ आणि श्रावण तिनं त्या तीन दगडांच्या पहाऱ्यात काढला. त्या डोंगरात पाऊस उभा राहतो तो हलत नाही. माती धुपून गेली की ती ओंजळीनं परत आणून टाकायची. शेळ्या आल्या की हाकलायची. देवळात येणारे विचारायचे, "बयाबाई, काय पुरलंय? गाडगं-बिडगं सापडलं काय सोन्याचं?" ती म्हणायची, "व्हय. वाटा पायजे आसंल तर काट्यात या."

भाद्रपद सरताना तिनं पहिला दगड उचलला आणि बोटानं माती सारली. आत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. तिनं लगेच माती परत लोटली, झोपलेल्या माणसाचं पांघरूण नीट करावं तशी.

आता तोडायचं कसं. हातानं ओढून तोडली तर करवंदीचं लाकूड चिवट, हिसक्यात मुळंच उपटायची. तिला आठवलं, तिच्या गोठ्याजवळच्या शेवग्याला म्हशीचं दावं कायम बांधलेलं असायचं. दाव्यानं साल कातत गेली आणि वरचं झाड वाळलं. लोखंड न लावता झाड मरतं ते असं. तिनं अंबाडीची सुतळी भिजवली आणि तिन्ही फांद्यांना मुळांच्या अलीकडे, जाळीच्या बाजूनं, करकचून आवळली. दर चार दिवसांनी जायचं आणि एक पीळ वाढवायचा. फांदी जाळीकडून खाणं सोडेल आणि स्वतःच्या मुळांवर जगायला शिकेल. दिवाळीपर्यंत वेळ होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज सोनं द्यायला आला, पाया पडला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "काकी, जेसीबी सोमवारी येतोय."

"दिवाळीनंतर म्हनालतास."

"बिद्रीकडं रस्त्याची कामं निघाल्यात. कारखान्याचा हंगाम लागायच्या आत रस्ते करून पायजेत त्यांना. एकदा मशीन तिकडं गेलं की माघापर्यंत मिळत न्हाय."

"मला पंधरा दिवस दे."

"एका करवंदीसाठी अख्ख्या गावाचं काम अडवू?" त्याचा आवाज चढला, मग त्यालाच कसंसं वाटलं. "तुजी ती कलमं मुळं धरल्यात न्हवं का? मग कोयता घे, तोड, संपलं."

"मला डावा आलाय."

"मग मी तोडतो. मला उजवा आलाय. कमिटीला परवानगी हाय त्या जागेत लोखंड लावायची. तू फकस्त दाखव."

पोरगं हुशार होतं, त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. एक क्षण तिला मोह झाला. दुसऱ्या क्षणाला गुरवाचं बोलणं तिच्या ओठापर्यंत आलं, की तुझा उजवा तिसऱ्या खेपेचा आहे. तिनं दोन्ही गिळलं.

"तुला हॉलसाठी दिलाय," ती म्हणाली. "कलमासाठी मी इचारलंतं. माजं उत्तर माजं."

"अवघड हाईस तू," म्हणून तो गेला.

उरलेले दिवस ती रोज सकाळ-संध्याकाळ पीळ वाढवत गेली. रविवारी पहिली फांदी तिनं सुतळीपाशी हळूच वाकवली, ती वाळल्या काटकीसारखी मोडली. मुळं हलली नाहीत. तिनं मातीच्या गड्ड्यासकट रोप उचलून बुट्टीत ठेवलं. सोमवारी सकाळी दुसरीही सुटली. तिसरी, अंगठ्याएवढी, सुतळीखाली कातली होती, पण आतून हिरवीच होती. तिनं दोन्ही हातांनी पिळून बघितली. ती फक्त वाकली.

जेसीबी राईच्या तोंडाशी येऊन घरघरत उभा राहिला. कमिटीची पाच-सहा माणसं होती. गुरव होता. पृथ्वीराज रजा काढून आला होता. सगळे तिच्याकडे बघत होते. गुरव पुढं झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बयाबाई, आता जाणारच हाय ती. मारा कोयता."

बयाबाईनं फांदी सोडली. ती उठून उभी राहिली, पदर झटकला आणि बुट्टी उचलली. जेसीबीवाल्यानं वरून विचारलं, "आजी, ही बी काढायची न्हवं? का थांबू?"

"काढा," ती म्हणाली. "समदीच काढा."

बाजूला होऊन तिनं शेवटपर्यंत बघितलं. जाळी एका ओढीत निघाली नाही. चार वेळा दात लावावे लागले. मुळं निघाली तेव्हा ओल्या मातीचा आणि चिकाचा वास सगळ्या देवळावरून गेला. पृथ्वीराज दुसरीकडे तोंड करून मोबाइलवर बोलत होता. फोन खरंच आला होता का, ते तिला कळलं नाही.

दोन रोपं राहिली. ती परसात लावणं सगळ्यात सोपं होतं. पाणी जवळ, शेळी नाही. पण परसात लावलं की झाड बयाबाईचं झालं. मग तिनं दिलेला द्रोण म्हणजे तिनं केलेले उपकार, आणि उपकाराचं करवंद कपाळाला कोण लावणार. शिवाय ती किती वर्षं आहे. म्हणून एक रोप तिनं राईच्या वरच्या कडेला, झऱ्याच्या वाटेवर लावलं. ती जागा आईचीच, आणि पाण्याला जाणारा प्रत्येक जण तिथून जातो. भोवती दगडांचं कडं केलं, त्यावर वाळल्या काट्या रचल्या.

दुसरं घेऊन ती गडहिंग्लजला गेली. चन्नाप्पानं रोप हातात घेऊन फिरवलं, सुतळीनं मोडलेलं टोक बघितलं आणि हसला.

"चाळीस वर्षं कलमं बांधालोय. सुतळीनं तोडल्यालं पैल्यांदा बघतोय."

"ठेवा तुमच्याकडं. एकच ऱ्हायलं तर एका शेळीचं काम हाय."

"ह्येची मी शंभर करीन आक्का. आन् शंभर केली तर विकीन. माजा धंदा हाय तो, आधी सांगतो."

तिनं विचार केला. "करवंद विकायचं न्हाय, एवढंच आईचं हाय. रोपाचं तिनं कुटं काय सांगितलंय. पण देताना सांगून द्या."

"काय सांगू?"

"एकट्यानं खायचं न्हाय म्हणून."

"असं सांगितल्यावर गिऱ्हाईक पळून जाईल की." त्यानं रोप सावलीतल्या रांगेत, बाकीच्यांपासून जरा लांब ठेवलं. मग गंभीर होऊन म्हणाला, "हौदु, व्हय आक्का. सांगतो."

हॉल उभा राहिला. चांगला झाला. माघात पृथ्वीराजचं लग्न त्याच हॉलमध्ये लागलं. बयाबाई जेवायला गेली आणि मागच्या पंगतीला जेवून आली.

मग वैशाख आला. झऱ्यावरचं रोप गुडघ्याएवढं झालं होतं. आणखी तीन पावसाळे तरी त्याला फळ येणार नव्हतं. म्हाईच्या आदल्या दिवशी बयाबाई पहाटे सवयीनं उठली आणि चुलीपुढं बसून राहिली. द्यायला काही नव्हतं. रानातली चिकाची करवंदं आणून वाटावीत, हे तिच्या मनात आलं आणि गेलं. ते खोटं झालं असतं. घरी बसावं, तर यंदा बसली ती कायमची बसली. पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही की या दिवशी कुणीतरी दारात यायचं.

उजाडल्यावर तिनं नेहमीचं पांढरं पातळ नेसलं, रिकामी बुट्टी काखेला लावली आणि निघाली. नाही ते नाही, पण नाही म्हणून सांगायला तरी गेलं पाहिजे.

आणि पहिलं घर कुठलं, तर नवी सून आलेलं. म्हणजे पृथ्वीराजचं. दसऱ्यानंतर ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. अंगणाच्या कडेला तिचे पाय थबकले. पण क्रम बदलायचा अधिकार तिला नव्हता.

दारात संयोगिता आली, त्याची बायको. कोल्हापूर शहरातली पोरगी, लग्नानंतर तीन महिनेच गावात. ती रिकाम्या बुट्टीकडे बघून गोंधळली.

"या ना काकी. काही हवं होतं का?"

"न्हाय गं पोरी. तुजं देनं लागते मी, ते सांगायला आले." आणि बयाबाईनं उंबऱ्यावर उभं राहून तिला सगळं सांगितलं. जाळी कुठं होती, करवंद कसं होतं, पहिला द्रोण कुणाचा असतो. "यंदा न्हाय. आन् आनखी दोन वर्षं न्हाय. पर पैला तुजाच हाय. तोवर दुसरी कोन नवी सून आली तरी तुजा आधी."

संयोगितानं ऐकून घेतलं. मग काय करावं ते न सुचून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. आतून पृथ्वीराज आला. गुरुवार होता, तो घरीच होता. चौकटीला धरून उभा राहिला.

"कुटं लावलंयास?" त्यानं विचारलं.

"झऱ्याच्या वाटंला. वरल्या कडंला."

तो कपाळ खाजवत राहिला. "तिथनं पाण्याच्या टाकीची पाइपलाईन जाणार हाय. पुढल्या आठवड्यात चर मारायची हाय."

बुट्टी बयाबाईनं या काखेतून त्या काखेत घेतली. ओरडायला तिच्याकडे आवाज होता, आणि गुरवानं सांगितलेली गोष्टही होती. ती नुसती उभी राहिली. नवऱ्याकडे संयोगिताही बघत होती.

"वाकवून नेता येईल," पृथ्वीराज शेवटी म्हणाला. "दोन बेंड जास्त लागतील. पर किती बाजूनं न्यायची? केवढं व्हतंय ते झाड?"

बयाबाईनं बुट्टी खाली ठेवली. अंगणात मधोमध उभी राहिली आणि मोजून पावलं टाकत गेली. पाच इकडं, परत येऊन पाच तिकडं. मग वळून आडवी पाच.

"एवढी?" संयोगिता म्हणाली.

"जुनी ह्येच्याहून मोठी हुती. ह्येनं बगितलीया की."

पृथ्वीराज तिच्या पावलांच्या खुणांवरून चालत गेला, टाच टेकवून मातीत रेघ ओढली, लांब होऊन बघितलं. मग घरात जाऊन चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन आला. "चल, जागेवर दाखव. आत्ताच पांढरी मारून ठेवतो, म्हंजे चरवाला चुकणार न्हाय."

"दुपारी चल," बयाबाई म्हणाली. तिनं बुट्टी उचलून काखेला लावली. "अजून एकुणपन्नास घरं हायत माजी."

आणि ती यंदा माणूस गेलेल्या घराकडे निघाली.